नोबेलचे मृत्युपत्र आणि त्याचे पहिले वारस

२७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील स्वीडिश-नॉर्वेजियन क्लबात आल्फ्रेड नोबेल यांनी, कोणाही वकिलाची मसलत न घेता स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्रावर चार साक्षीदारांसमक्ष सही केली. आणि डायनामाइटच्या व्यवसायातून उभ्या राहिलेल्या मिळकतीतून आप्तांच्या व नोकरांच्या नावे काही रकमा काढून ठेवल्यावर, उरलेल्या सर्व धनाचे व्याज मानवजातीवर सर्वाधिक उपकार करणाऱ्यांना दरसाल वाटावे, अशी व्यवस्था केली. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य व शांतता या पाच वाटण्या आज सर्वश्रुत आहेत. परंतु त्या दस्तऐवजातले सर्वांत मोलाचे कलम, माझ्या मते, निराळेच आहे. पारितोषिक देताना राष्ट्रीयत्वाचा कसलाही विचार करू नये, पात्र व्यक्ती स्कँडिनेव्हियन असो वा नसो, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

१० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो येथे नोबेल निवर्तले आणि या कलमावरून काहूर उठले. मिळकत तीन कोटी दहा लाख क्रोनरांच्या घरात. ती सांभाळणारी संस्था अस्तित्वातच नाही. ज्या विद्वत्संस्थांनी निवड करावयाची, त्यांना आधी विचारलेलेही नाही. काही आप्तांनी मृत्युपत्राला हरकत घेतली, स्वदेशाचे धन परक्यांच्या ओंजळीत का घालावे असा सवाल स्वीडनमध्ये होऊ लागला, आणि खुद्द राजे दुसरे ऑस्कर यांनाही ही योजना रुचली नाही.

मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचा मुख्य भार पडला तो राग्नार सोलमान या सव्वीस वर्षांच्या तरुणावर. नोबेल यांची घरे पॅरिस, सान रेमो व स्वीडनमधील ब्योर्कबोर्न अशी तीन ठिकाणी असल्यामुळे त्यांचा कायदेशीर अधिवास कोठला, यावरच सारा निकाल अवलंबून होता. पॅरिसमध्ये जप्ती येण्यापूर्वी रोखे हलवावेत म्हणून सोलमान यांनी ते पेट्यांत भरले आणि हाती पिस्तूल घेऊन, भाड्याच्या घोडागाडीतून, ते परदेशी रवाना करण्यासाठी रेल्वेस्थानकावर नेले. अखेरीस अधिकार मान्य झाला तो ब्योर्कबोर्नजवळच्या कार्ल्सकूगा येथील कोर्टाचा. नोबेल यांचे रशियन घोडे त्या घरच्या तबेल्यात बांधलेले होते, हाही त्यांच्या तेथील वास्तव्याचा पुरावा ठरला, असे सांगतात. सेंट पीटर्सबर्गचे पुतणे एमान्युएल यांनी तर स्वतःच्या तेलकंपनीच्या हिताला धोका दिसत असताना चुलत्यांच्या इच्छेचा मान राखला. माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील ते सर्वांत उदात्त कृत्य होय. १८९८ मध्ये तडजोड झाली आणि २९ जून १९०० रोजी नियमावलीला राजाची मंजुरी मिळाली.

१० डिसेंबर १९०१ रोजी पहिली पारितोषिके दिली गेली, तेव्हा त्या कलमाची खरी कसोटी लागली, आणि सहा मानकऱ्यांत एकही स्वीडिश अथवा नॉर्वेजियन नव्हता. क्ष-किरणांचे शोधक रँटगेन व घटसर्पावरील रक्तलसीचे प्रवर्तक बेहरिंग जर्मन, रसायनज्ञ व्हान्ट हॉफ डच, कवी स्युली प्रूदॉम व शांततावादी पासी फ्रेंच, तर रेडक्रॉसच्या स्थापनेमागील प्रेरणापुरुष आंरी ड्यूनां स्विस. साहित्यातील निवडीबद्दल मात्र मला खेद वाटतो. टॉल्स्टॉय हयात असताना त्यांना डावलले गेले, आणि ४२ स्वीडिश साहित्यिक-कलावंतांनी त्यांना पत्र पाठवून आपली नाराजी नोंदवली. रँटगेन यांनी रक्कम व्यूर्त्सबुर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. ड्यूनां तर १८६७ मध्येच दिवाळखोर ठरून समाजाच्या विस्मृतीत गेले होते आणि हायडन येथील रुग्णालयाच्या आश्रयाने राहत होते. सॉल्फेरिनोच्या रणभूमीवर जखमींच्या यातना पाहिलेल्या त्या वृद्धाला शोधून हा मान देणे, यात पारितोषिकाची थोरवी दिसून आली. जगात त्याला जी प्रतिष्ठा लाभली, तिचा पाया रँटगेन, बेहरिंग व ड्यूनां यांच्यासारख्यांनी घातला, असे मला वाटते.

पुढे १९०३ मध्ये आऱ्हेनियस यांच्या रूपाने पहिला स्वीडिश मानकरी लाभला. आणि १९१३ मध्ये साहित्याचे पारितोषिक रवींद्रनाथ ठाकूर यांना मिळून ते प्रथमच आशियात आले. स्टॉकहोमच्या समारंभास ते उपस्थित नव्हते. त्यांचे पदक बंगालचे गव्हर्नर लॉर्ड कारमायकेल यांनी १९१४ च्या जानेवारीत कलकत्त्यात त्यांच्या हाती दिले, आणि पारितोषिकाची रक्कम शांतिनिकेतनाच्या कामी आली.