आत की बाहेर? साउंड कार्डाची चाळीस वर्षं

घरून काम सुरू झाल्यापासून ऑफिसातल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. "हेडफोन चांगले घेतले रे, आता साउंड कार्ड टाकू की बाहेरचा डॅक घेऊ?"

ज्यांना डॅक ही काय भानगड आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला विजेची लहर लागते. आकड्यांची लहर करणारी चिप म्हणजे डॅक. ती पेटीच्या आत बसवायची की बाहेर वेगळ्या डबीत, एवढाच वाद आहे. नेटवर या वादाची उत्तरं 'उबदार आवाज', 'मोकळा आवाज' असल्या विशेषणांत दिलेली असतात. मला विचाराल तर त्यापेक्षा इतिहास बरा. गेल्या चाळीस वर्षांत हा निकाल तीनदा फिरलाय आणि गंमत म्हणजे एकदाही तो कानांनी दिलेला नाही!

तर, 1981. आयबीएम पीसी बाजारात आला तेव्हा त्यात एक टिचभर स्पीकर होता. टायमर चिप त्याला चालू-बंद, चालू-बंद करायची आणि 'पीं' असा आवाज यायचा. ऑफिसातल्या यंत्राला आणखी काय हवं? पण लोक त्यावर गेम खेळायला लागले आणि पंचाईत झाली.

1987 मध्ये यावर दोन वेगवेगळी उत्तरं आली. एक आतलं, एक बाहेरचं.

आतलं उत्तर कॅनडातल्या क्युबेक शहरातून आलं. मार्टिन प्रेव्हेल नावाचे संगीताचे प्राध्यापक होते, त्यांच्या कंपनीने ॲडलिब नावाचं कार्ड काढलं. त्यावर यामाहाची एफएम सिंथेसिस चिप होती. हे तंत्र जॉन चौनिंगने 1967 मध्ये स्टॅनफर्डमध्ये शोधलेलं आणि पुढे यामाहाने लायसन्स घेऊन कीबोर्डांत वापरलेलं. एका वेळी नऊ सूर वाजायचे. मात्र माणसाचा आवाज किंवा बंदुकीचा खरा बार वाजवायचा तर ॲडलिब गप्प.

बाहेरचं उत्तर जास्त मजेदार आहे. अमेरिकेतल्या कोव्हॉक्स कंपनीचं 'स्पीच थिंग'. प्रिंटर पोर्टच्या आठ पिनांना लावायचे काही रेझिस्टर, संपलं! प्रत्येक पिनेला आपापल्या बिटच्या वजनाइतका व्होल्टेज, त्यांची बेरीज म्हणजे आवाजाची लहर. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आर-टू-आर लॅडर नावाचं जे सर्किट परीक्षेपुरतं पाठ केलं जातं, ते हेच. म्हणजे आज आपण ज्याला बाहेरचा डॅक म्हणून नवलाईने बघतो ती वस्तू पीसीच्या जगात साउंड ब्लास्टरच्याही आधी आलेली आहे.

मग ती हरली का? आवाजामुळे नाही. त्या काळी दोन्हीकडे आठच बिट, खरखर सारखीच. हरली ती हमालीवर. प्रिंटर पोर्टवर प्रत्येक आकडा सीपीयूने स्वतः, बरोबर वेळेवर नेऊन टाकायचा. सेकंदाला हजारो वेळा! तेव्हाच्या प्रोसेसरला एवढं करून वर गेम चालवायचा म्हणजे एका हाताने पोळ्या लाटत दुसऱ्या हाताने गाडी चालवण्यासारखं होतं.

1989 मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं आणि त्याने नेमकी ही हमाली उचलली. डीएमए वापरून कार्ड मेमरीतून थेट आवाज उचलायचं, सीपीयू आपला गेमकडे बघायला मोकळा. वर त्याच यामाहा चिपमुळे ॲडलिबसाठी लिहिलेले गेम जसेच्या तसे चालायचे आणि जॉयस्टिकचं पोर्टही त्याच कार्डावर. ॲडलिब 1992 मध्ये दिवाळखोरीत गेली.

(क्रिएटिव्हचा संस्थापक सिम वाँग हू हा भारी माणूस होता. 2023 मध्ये गेला. सिंगापुरात पाटी असल्याशिवाय यू-टर्न घेता येत नाही, त्यामुळे लोक विचारसुद्धा परवानगीची वाट बघत करतात, असा त्याचा एक सिद्धांत होता. पुण्यात आला असता तर वेगळा सिद्धांत मांडला असता.)

पुढची आठ-दहा वर्षं आतल्या कार्डाची. 1992 च्या साउंड ब्लास्टर 16 ने सीडीच्या तोडीचे सोळा बिट आणले. आपल्याकडे तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून पीसी असेंबल करून आणला की 'मल्टिमीडिया किट' वेगळं घ्यायचं: सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन पांढुरके स्पीकर. आणि मग ऑटोएक्झेक फाइलमधली ती ओळ, ए220 आय5 डी1! अर्थ कुणाला माहीत नसायचा, पण ती चुकली की गेम मुका.

या काळातली खरी शोकांतिका मात्र ऑरियलची. या कंपनीच्या एथ्रीडी तंत्राची मुळं नासासाठी झालेल्या कामात होती. आवाज कुठून येतोय हे आपल्याला कळतं ते दोन कानांपर्यंत तो किंचित वेगळा पोहोचतो म्हणून. ऑरियलची कार्डं हा फरक गणिताने काढायची, भिंतींवरून परतणारे आवाजसुद्धा मोजायची. साध्या हेडफोनवर माणूस मागून आला तर मागूनच आल्यासारखा वाटायचा. 1998 मध्ये क्रिएटिव्हने पेटंटचा दावा लावला. डिसेंबर 1999 मध्ये ऑरियल खटला जिंकली आणि खटल्याच्या खर्चाने 2000 मध्ये बुडाली. तिची मालमत्ता विकत कोणी घेतली? क्रिएटिव्हनेच. माझ्या मते गेममधला आवाज यामुळे कितीतरी वर्षं मागे गेला.

पण क्रिएटिव्हला तो विजय फार पचला नाही. कारण दरम्यान हमालीचा प्रश्नच संपत आला होता. पेंटियम-टू च्या जमान्यात दोन-चार आवाज मिसळणं प्रोसेसरला किस झाड की पत्ती. इंटेलने एसी'97 नावाचं स्टँडर्ड काढलं. डिजिटल काम मदरबोर्डाच्या चिपसेटमध्ये, रूपांतरापुरती एक स्वस्त चिप शेजारी, आणि मिसळण्याची मेहनत सीपीयूच्या गळ्यात. 2004 मध्ये त्याचा पुढचा अवतार, एचडी ऑडिओ. आवाज जवळपास फुकट झाला. पहिले ऑनबोर्ड आवाज खरंच भिकार होते, माउस हलवला की हेडफोनमध्ये किरकिर ऐकू यायची. पण फुकट ते फुकट.

शेवटचा घाव मायक्रोसॉफ्टचा. जानेवारी 2007 मध्ये व्हिस्टा आलं. त्यात आवाजाचं सगळं घर नव्याने बांधलं होतं. गेमला डायरेक्टसाउंडमधून कार्डाच्या हार्डवेअरपर्यंत जाण्याचा जो रस्ता होता तो बंद. साउंड कार्ड कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज कोसळवण्यात पटाईत होते, त्यामुळे मायक्रोसॉफ्टचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एका रात्रीत महागड्या कार्डावरची प्रोसेसिंग चिप बिनकामाची झाली. क्रिएटिव्हने जुन्या गेमसाठी अल्केमी नावाचं ठिगळ दिलं, पण लाट ओसरली ती ओसरलीच.

माझ्या कपाटात एका (नाव नाही घेत) कंपनीचं पीसीआय कार्ड पडून आहे. चिप उत्तम, आवाज उत्तम, सोल्डरिंग बघत राहावं असं. कंपनीने एक्सपीनंतर ड्रायव्हर लिहायचं सोडलं आणि नवीन मदरबोर्डावर तो स्लॉटही नाही. वस्तू बिघडलेली नाही, तिच्याशी बोलणारं कोणी उरलं नाही.

आता बाहेर जाऊ. स्टुडिओवाल्यांना हे शहाणपण फार आधी आलं होतं. 1991 चं प्रो टूल्स बघा: हिशेब करणारं कार्ड मॅकच्या आत, पण आवाजाचं रूपांतर करणारी पेटी बाहेर. कारण साधं गणित आहे. दोन व्होल्टचे सोळा बिटांत 65,536 भाग केले तर एक भाग येतो साधारण 30 मायक्रोव्होल्टचा. आणि ही नाजूक लहर कुठे तयार करायची, तर जिथे शेजारी ग्राफिक्स कार्ड क्षणाक्षणाला कित्येक अँपिअर ओढतंय, सोडतंय? देवघर फटाक्यांच्या गोडाउनमध्ये कोण मांडतं?

घरगुती बाहेरच्या डब्यांना मात्र यूएसबीची वाट बघावी लागली. 1998 मध्ये यूएसबी ऑडिओचं पहिलं स्टँडर्ड आलं आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची घटना ही. ते पाळणाऱ्या डबीला कंपनीचा ड्रायव्हर लागतच नाही, विंडोज, मॅक, लिनक्स तिला परस्पर ओळखतात. त्या काळातली अशी डबी आजच्या लॅपटॉपलाही लावली तर वाजते. माझं कपाटातलं कार्ड वाजत नाही! दुसरं स्टँडर्ड आलं तेव्हा विंडोजने बराच वेळ खाल्ला, थेट 2017 मध्ये विंडोज 10 ने ते स्वतःहून ओळखायला सुरुवात केली. तोवर तिथेही ड्रायव्हरची सीडी होतीच.

सुरुवातीच्या यूएसबी डब्यांची आणखी एक अडचण म्हणजे घड्याळ. आकडे कोणत्या ठेक्यावर वाजवायचे हे बऱ्याच डब्या कॉम्प्युटरकडून येणाऱ्या डेटाच्या गतीवरून ठरवायच्या, आणि कॉम्प्युटरला सतरा कामं. पुढे डबीतल्या घड्याळालाच मुख्य मानायची आणि तिनेच कॉम्प्युटरकडे आकडे मागायची पद्धत रुळली. तबलजीने ठेका धरायचा, निवेदकाने नाही, इतकं सरळ आहे हे.

2016 मध्ये आयफोन 7 मधून हेडफोनचं भोक गेलं आणि डॅक अक्षरशः वायरच्या टोकात जाऊन बसला. ॲपलची 2018 ची यूएसबी-सी डबी अमेरिकेत नऊ डॉलरला आली आणि मोजमापांत तिने कित्येक महागड्या पेट्यांशी बरोबरी केली. चिप आता इतकी स्वस्त आणि इतकी चांगली झालीय की डॅकच्या बोर्डावर हजारो रुपये ओतण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ते पैसे हेडफोनवर घाला.

मग ऑफिसातल्या प्रश्नकर्त्याला काय सांगायचं? मी उलट तीन गोष्टी विचारतो. आत्ता प्लग केलेल्या भोकातून काही किरकिर ऐकू येते का? नसेल तर घरी जा, काही घेऊ नकोस. हेडफोन पुरेसे मोठे वाजतात का? नसतील तर तुला ॲम्प्लिफायर हवाय, डॅक नव्हे. आणि जे घेशील ते कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालतं का?

एक सावधगिरी. लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून कुंईं येते आणि चार्जर काढला की थांबते, अशी तक्रार असेल तर यूएसबी डॅकने ती जाईलच असं नाही. यूएसबीच्या वायरमधून ग्राउंडही बाहेर जातं आणि ते भूत डबीच्या मागोमाग येतं. आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. नाहीतर ऑप्टिकल वायर असलेलं काही बघा, तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज नाही.

आणि गाणं किंवा पेटी रेकॉर्ड करणार असाल तर हा सगळा हिशेब बदलतो. तिथे प्रश्न आवाज परत कानात किती मिलिसेकंदांनी येतो याचा. त्यासाठी माइकची सोय असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या आणि विंडोजवर त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका. हो, तिथे मात्र ड्रायव्हर लागतोच, त्यामुळे तो देणारी कंपनी जुन्या मॉडेलांना किती वर्षं विचारते हे बघून मगच पैसे मोजा.