नोकरी ठरवून आलात का? स्पॉन्सर व्हिसाचा उलटसुलट इतिहास

परदेशात नोकरी शोधताना एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकावं लागतं: ‘आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही.’ मुलाखत तिथेच संपते आणि आपण नशिबाला बोल लावतो. संशोधनाची तयारी करणाऱ्याने मात्र इथे थांबून विचारायला हवं: काम करण्याची परवानगी माणसाऐवजी मालकाच्या अर्जावर चालावी, हे ठरलं कधी? आज अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हा नियम चक्क उलटा फिरला आहे.

१८६४ साली यादवी युद्ध चालू होतं आणि कामाला माणसं कमी पडत होती. तेव्हा कायद्याने सवलत दिली की, येणाऱ्या मजुराने प्रवासखर्चापोटी बारा महिन्यांपर्यंतची मजुरी गहाण टाकण्याचा करार केला, तर तो वैध धरला जाईल. चार वर्षांत हा कायदा रद्द झाला. पुढे १८८५ मध्ये तर आधी करार करून परदेशी मजूर आणणं हाच गुन्हा ठरला. दंड १,००० डॉलर. नट, गायक, व्याख्याते, घरगुती नोकर अशा काहींनाच सूट होती. या कायद्यासाठी ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेने जोर लावला होता. भीती अशी, की करारात अडकलेला माणूस कमी पैशांत राबतो, संप मोडायला वापरला जातो आणि सगळ्यांचीच मजुरी पाडतो.

१८९२ मध्ये न्यूयॉर्कजवळ एलिस आयलंडचं तपासणी केंद्र सुरू झालं. तिथला प्रश्न बघा: ‘नोकरी ठरवून आलात का?’ ‘हो’ म्हणावं तर करारी मजूर म्हणून परत पाठवणी. ‘नाही’ म्हणावं आणि खिसाही रिकामा असेल, तर सरकारवर भार होईल म्हणून परत पाठवणी. म्हणजे उत्तर असं हवं, की नोकरी ठरलेली नाही, पण मिळवेन! (भारतीयांसाठी तर १९१७ च्या कायद्याने दार जवळजवळ बंदच झालं.)

१९५२ च्या कायद्याने ही करारबंदी काढली आणि असामान्य गुणवत्तेच्या तात्पुरत्या कामगारांसाठी ‘एच-१’ हा वर्ग आणला. त्यातून १९९० मध्ये आजचा एच-१बी निघाला. वर्षाला ६५,००० ची मर्यादा त्यातलीच. अमेरिकेतल्या पदव्युत्तर पदवीधरांसाठीच्या २०,००० जागा नंतर वाढल्या. आता ठरलेल्या नोकरीशिवाय अर्जच होत नाही. शिवाय अर्जदार असते कंपनी. कामगाराला कागदोपत्री म्हणतात ‘लाभार्थी’. सरकारी योजनेच्या यादीसारखंच हे: नाव तुमचं, सही दुसऱ्याची.

मग १८८५ ची भीती गेली कुठे? ती वेतनाच्या अटीत शिरली. त्या भागात त्या कामाला जो पगार चालतो, त्यापेक्षा कमी देणार नाही, असं कंपनीला लिहून द्यावं लागतं. पगाराचा आकडा कागदावर तपासता येतो. पण नोकरी सोडण्याची धमक कागदावर कशी तपासणार?

हे बंधन थोडं सैल झालं ते २००० मध्ये. नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न बघता तिथे कामाला लागता येऊ लागलं. २०१७ पासून नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळू लागली. तरी ग्रीन कार्डाची गाठ सुटत नाही. नोकरीच्या वाटेने मिळणारं ग्रीन कार्डही बहुतेकदा कंपनीच्या अर्जावरच असतं, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के अशी मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षं लांबते. मध्येच कंपनी बदलली तर कागदपत्रांचा बराच भाग नव्याने करावा लागतो. म्हणून ‘पटत नसेल तर नोकरी सोड’ हा सल्ला तिथल्या आपल्या माणसांना द्यायला सोपा, अमलात आणायला अवघड.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी. ही वाट नसती तर हजारो भारतीय तिथे पोचलेच नसते. पण त्यामुळे प्रश्न मिटत नाही. स्थलांतराचा कोणताही कायदा वाचाल तेव्हा तीन गोष्टी वहीत लिहून काढा: अर्जदार कोण, नोकरी गेली तर कोणाचं काय जातं, आणि मालक बदलायची परवानगी कोण देतं. ‘किती लोकांना प्रवेश मिळाला’ हा आकडा त्यानंतर बघा. आणि स्वतः जायच्या तयारीत असाल, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी हीच तीन उत्तरं मागून घ्या.