मॉम्स मेब्लीची म्हातारी

न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरचा प्रेक्षक भलता कडक. विनोद फसला की आरडाओरडा करून कलाकाराला पिटाळून लावायचा. त्या रंगमंचावर एक म्हातारी पाय ओढत यायची. अंगात फुलाफुलांचा घरगुती झगा, डोक्यावर ढगळ टोपी, पायमोजे घसरलेले, तोंडाचं बोळकं झालेलं. ‘पोरांनो’ म्हणून ती हाक मारायची आणि पुढची अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असायची. जॅकी ‘मॉम्स’ मेब्लीने १९३९ मध्ये अपोलोवर पाऊल ठेवलं, तेव्हा तिथे एकटीने विनोद सांगणारी ती पहिली स्त्री होती.

गंमत म्हणजे ही म्हातारी तिने स्वतः तरुण असतानाच घडवली होती. आपल्या आजीच्या वळणावर ती बेतली आहे, असं ती सांगायची.

लोरेटा मेरी एकन हे तिचं खरं नाव. जन्म १८९० च्या दशकातला, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्रेव्हर्ड गावचा. वडील गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक होते. १९०९ मध्ये बंबाचा स्फोट होऊन ते गेले. पुढे आईही ट्रकखाली सापडली. लहान वयात तिच्यावर दोनदा बलात्कार झाला, दोन्ही वेळा दिवस गेले आणि दोन्ही मुलं दुसऱ्यांच्या हाती सोपवावी लागली. चौदाव्या वर्षाच्या आसपास तिने घर सोडलं आणि फिरत्या खेळांची वाट धरली. जॅक मेब्ली हा तिचा सुरुवातीचा मित्र. त्याने माझं इतकं काही नेलं की मी निदान त्याचं नाव तरी घ्यावं, असं ती पुढे म्हणे. सोबतच्या कलाकारांची आईच्या मायेने काळजी घ्यायची, म्हणून ‘मॉम्स’ हे नाव मिळालं.

त्या काळी कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी वेगळ्या नाट्यगृहांची साखळी होती. तिथे मिळकत तुटपुंजी, प्रवास अखंड, आणि दक्षिणेत रात्रीच्या मुक्कामाला खोली मिळेल याची खात्री नाही. पण समोर बसलेली माणसं आपली असत. या साखळीत ‘बटरबीन्स अँड सूझी’ हे नवरा-बायकोचं जोडपं लोकप्रिय होतं. नवरा मोठमोठ्या बढाया मारायचा आणि झकपक कपड्यांतली सूझी त्याला शब्दाशब्दाला गप्प करायची. १९२१ मध्ये या दोघांनी मेब्लीला हेरलं आणि तिला मोठ्या रंगमंचाची वाट दाखवली.

रंगमंचावर कृष्णवर्णीय म्हातारी नवी नव्हती. गोऱ्या मालकाच्या घरात आनंदाने राबणारी, जाडजूड, हसतमुख ‘मॅमी’ अमेरिकेने मिन्स्ट्रेल या कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या खेळांत कितीतरी वर्षं पाहिली होती. तोंडाला काळं फासलेले पुरुषच बहुधा ती साकारत. मेब्लीने हीच म्हातारी त्यांच्या हातून काढून घेतली. तिची म्हातारी कुणाच्या स्वयंपाकघरात राबत नव्हती. तिला म्हातारे पुरुष अजिबात आवडत नसत, देखणे तरुण मात्र हवे असत, आणि हे ती बिनदिक्कत सांगे. राष्ट्राध्यक्षांनाही ती पोरासोरांसारखं झापे. तरुण बाईने हेच बोलायचं ठरवलं असतं तर तिला निर्लज्ज म्हणून हाकललं असतं. म्हातारीला कोण काय बोलणार?

तिचा एक किस्सा गाजला होता. दक्षिणेत गाडी चालवताना ती लाल दिवा ओलांडते. धिप्पाड पोलीस धावत येऊन जाब विचारतो. ती निरागसपणे सांगते, गोरी माणसं हिरव्यावर जाताना पाहिली, मला वाटलं लाल दिवा आमच्यासाठी असेल! वर्णभेदाचा अख्खा कायदा तिने एका चौकात उभा केला, आणि पोलिसाला उत्तर सुचू दिलं नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी दिवसभर गोऱ्यांच्या घरी धुणं-भांडी करून, मुलं सांभाळून येत. तिथे मान खाली घालून गिळलेली उत्तरं इथे कुणीतरी त्यांच्यासाठी मोठ्याने देत होतं. ते ऐकून हलकं होऊन घरी जाणं, हा त्यांच्या जगण्याला मिळालेला खराखुरा आधार होता.

हसत हसत उलट उत्तर देण्याचा हा वारसा मेब्लीच्या आधीपासूनचा. गुलामगिरीच्या काळात मालकांच्या ऐटबाज चालीची नक्कल करत ‘केकवॉक’ नाच रंगायचा. लोककथा गोळा करणारी लेखिका झोरा नील हर्स्टन फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात वाढली. दुकानाच्या ओट्यावर रंगणाऱ्या थापा आणि टोमणे तिने १९३५ च्या ‘म्यूल्स अँड मेन’ या पुस्तकात नोंदवले. त्याआधी १९३१ मध्ये ‘फास्ट अँड फ्यूरियस’ या ब्रॉडवेवरच्या खेळात हर्स्टन आणि मेब्ली एकत्र आल्या होत्या. एका प्रवेशात दोघी चिअरलीडर झाल्या. खेळ लवकरच बंद पडला.

गोऱ्या अमेरिकेला मेब्ली कळायला १९६० उजाडलं. शिकागोच्या चेस कंपनीने तिच्या विनोदांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि त्या धडाधड खपल्या. १९६२ मध्ये ती कार्नेगी हॉलमध्ये उभी राहिली. १९६९ मध्ये लिंकन, केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांवरचं ‘अब्राहम, मार्टिन अँड जॉन’ हे गाणं तिने हसू बाजूला ठेवून गायलं आणि ते बिलबोर्डच्या पहिल्या चाळिसांत पोचलं. ‘अमेझिंग ग्रेस’ या चित्रपटाच्या वेळी हृदयविकाराचा झटका आला, तर पेसमेकर बसवून ती पुन्हा कामावर हजर झाली. १९७५ मध्ये ती गेली.

एक गोष्ट मेब्लीने या म्हातारीच्या तोंडी घातली नाही. पडद्यामागे झगा उतरला की ती पुरुषी सूट घाले आणि तिचं प्रेम बायकांवर होतं. सोबतच्या कलाकारांना हे ठाऊक होतं. नर्तकी नॉर्मा मिलरने तिची ही बाजू अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्गच्या मेब्लीवरच्या २०१३ च्या माहितीपटात मोकळेपणाने सांगितली. प्रेक्षकांसमोर मात्र म्हातारी देखण्या पोरांवरच भाळत राहिली.

२०१९ मध्ये ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ या मालिकेत मेब्लीची भूमिका विनोदी कलाकार वांडा साइक्सने केली. साइक्सने २००८ मध्येच आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्याच वर्षी एका कार्यक्रमात तिने आईबापांना बसवून ‘मी काळी आहे’ असं रडत रडत कबूल करणाऱ्या मुलीचा प्रसंग रंगवला, आणि ते ऐकून हादरलेल्या आईची नक्कलही केली. त्यासाठी तिला ना झगा लागला, ना बोळकं.