एकवीस आणि वीस एक

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात वाद उठला. 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक', 'त्रेसष्ट'च्या जोडीने 'साठ तीन' असे संख्यावाचन पुस्तकात आले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या पद्धतीचे समर्थन केले; वृत्तपत्रांतून आणि विधानसभेत तिची थट्टा झाली. भाषेचे वैभव जाईल, हा आक्षेपाचा गाभा होता. या प्रश्नावरील संशोधन काय सांगते, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मराठी संख्यानामांत दोन अडचणी आहेत. पहिली क्रमाची: 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, २५ लिहिताना दोन आधी. दुसरी रूपांची: संस्कृतातील सुबोध समास प्राकृतातून येताना झिजले. 'पन्नास'चे 'बावन्न'मध्ये 'वन्न' झाले, 'सत्तर'चे 'एकाहत्तर'मध्ये 'हत्तर'. 'एकोणतीस'मध्ये तर वजाबाकी दडली आहे. भाषाभ्यासकाला ही झीज मोहक वाटते. सात वर्षांच्या मुलाला मात्र जवळजवळ प्रत्येक नाव सुटे पाठ करावे लागते. सोलापूरच्या मराठी शाळेत तेलुगू वा कन्नड घरातून येणाऱ्या मुलाचा पेच आणखी निराळा. घरी तो 'इरवै ओकटि' किंवा 'इप्पत्तोंदु' ऐकतो, म्हणजे आधी वीस, मग एक. शाळेत हाच क्रम उलटतो.

१९८०च्या दशकापासून आयरीन मिउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी आणि पूर्व आशियाई मुलांची तुलना केली. चिनी, जपानी व कोरियन भाषांत २१ म्हणजे 'दोन दहा एक'. ही मुले ठोकळ्यांनी संख्या मांडताना दशकाचे ठोकळे सहज वापरत. अमेरिकी मुले बहुधा एकेक सुटा ठोकळा मोजत. जर्मन संख्यानामे मराठीसारखीच उलट्या क्रमाची. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांचा २००९चा अभ्यास सांगतो, की ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना त्यांच्या सुमारे निम्म्या चुका या उलटेपणाशी निगडित होत्या.

यावर रास्त शंका अशी, की पूर्व आशियात शाळा आणि पालकही वेगळे आहेत. श्रेय भाषेलाच का द्यावे? येथे वेल्सचे उदाहरण मोलाचे ठरते. तेथे एकाच प्रदेशात, एकाच अभ्यासक्रमात काही मुले वेल्श माध्यमात शिकतात, काही इंग्रजी. ॲन डाउकर आणि सहकाऱ्यांना २००८मध्ये आढळले, की वेल्श माध्यमाची मुले एकूण अंकगणितात पुढे नव्हती; दोन अंकी संख्या वाचणे आणि त्यांची तुलना करणे मात्र त्यांना सोपे जात होते. लाभ मर्यादित आहे, पण खरा आहे.

आणि वैभवाचे काय? शाळेत 'दोन दहा एक' म्हणणारी वेल्श भाषा वय आणि वेळ सांगताना आजही विसांवर बेतलेली जुनी नावे वापरते. नॉर्वेच्या संसदेने तर दूरध्वनी क्रमांक सांगण्याच्या सोयीसाठी, १ जुलै १९५१पासून 'एक आणि वीस' बदलून 'वीस एक' असा क्रम अधिकृत केला. तरीही जुना क्रम लोकांच्या बोलण्यातून गेला नाही.

भाषेला आपले वार्धक्य जपण्याचा अधिकार आहेच. त्याची किंमत मात्र पाटीवर ५२ ऐवजी २५ लिहिणाऱ्या मुलाकडून वसूल करण्याचे कारण नाही.