आमचीच पोरं

माझा भाचा जर्मनीत असतो. नोकरीनिमित्त गेला आणि तिकडेच रमला. त्याच्या ऑफिसात सर्बियातल्या नोवी साद गावचा एक मुलगा आहे. त्याने याला आपल्या गावच्या एका जुन्या बँडचं वेड लावलं. बँडचं नाव पेकिंष्का पात्का, म्हणजे चक्क 'पेकिंग बदक'! भाच्याने मला चार गाणी पाठवली, आणि खाली एक ओळ: "मामा, शांतपणे ऐक. लगेच बंद करू नकोस."

पहिलं गाणं मी लगेच बंद केलं. (भाच्या, माफ कर.) दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. भाषा ओ की ठो कळत नाही, वेग असा की यांची शेवटची बस चुकणार आहे की काय असं वाटावं. पण त्या आवाजात काहीतरी होतं. मग थोडं वाचलं. हा बँड १९७८ साली निघाला, तेव्हा सर्बिया हा युगोस्लाव्हियाचा भाग होता. त्यांची पहिली मोठी तबकडी आली १९८० साली, म्हणजे टिटो गेला त्याच वर्षी. सर्बियातली ती पहिली पंक तबकडी मानतात. १९८१ मध्ये दुसरी आली आणि त्याच वर्षी बँड मोडलाही. तीन वर्षांचा सगळा खेळ, पण त्या गावाला तो अजून आठवतो.

पंकबद्दल मला फारसं कळत नाही, पण त्यामागचा विचार आवडला. १९७६-७७ च्या सुमाराला लंडनमधल्या बेकार पोरांनी ठरवलं, गायला गुरू लागत नाही, महागडी वाद्यं लागत नाहीत. गिटारचे तीन कॉर्ड आले की बँड काढा आणि जे खुपतंय ते बोला. सेक्स पिस्टल्सने १९७७ मध्ये राणीवरच गाणं केलं आणि बीबीसीने ते वाजवायला नकार दिला. ते लोण पुढे नोवी सादपर्यंत पोचलं आणि तिथल्या पोरांनी ते आपल्या भाषेत गायलं.

फोनवर भाच्याने विचारलं, "मामा, आपल्या पुण्यात असा बँड झाला का रे?"

मी म्हटलं, पुण्यात रॉक बँड झाले की. 'अग्नी' इथलाच. २०१० पासून वीकेंडर नावाचा मोठा महोत्सवही इथे सुरू झाला. "तसं नाही," तो म्हणाला. "ज्याच्यामुळे कुणालातरी त्रास झाला असा."

फोन ठेवल्यावर रात्री अंथरुणात एकदम नाव आठवलं. कबीर कला मंच.

आता माझ्या वाचकांपैकी निम्मे (त्यात आमचे काकाही आले) म्हणतील की याचा आणि पंकचा काय संबंध? कुठे गिटार आणि कुठे डफ-ढोलकी! पण जरा ऐका.

कबीर कला मंच पुण्यात सुरू झाला २००२ साली, गुजरातच्या दंगलींनंतर. तरुण मुलंमुली, बरीचशी वस्त्यांमधून आलेली. हिंदू-मुस्लीम ऐक्य, जात, हुंडा, बाईचं जगणं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या या विषयांवर गाणी लिहायची आणि वस्तीत, चौकात, कॉलेजात जाऊन म्हणायची. २००६ मध्ये खैरलांजी घडलं, त्यावरही ते गायले. सचिन माळी लिहीत असे. शीतल साठे गात असे, आणि तो आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. ती कासेवाडीतली, फर्ग्युसनमध्ये शिकलेली. सागर गोरखे, रमेश गायचोर, दीपक डेंगळे, पुढे ज्योती जगताप ही आणखी काही नावं.

पंकवाल्यांनी जुनं सगळं मोडून टाकायची भाषा केली. या मुलांना मात्र मोडायची गरज नव्हती, त्यांच्या पाठीशी एक जुनी वाट होती. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन केला, त्यातून पुढे सत्यशोधकी जलसे आले. तमाशाचाच साचा, पण आत मजकूर वेगळा. मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. ज्याला गळा आहे आणि सांगायला काही आहे त्याने उभं राहावं, हा नियम आपल्याकडे लंडनच्या किती आधीपासून होता! फक्त आपण त्याला 'बँड' म्हटलं नाही, इतकंच.

मला हे सगळं कळलं ते आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' मुळे. जुलै १९९७ मध्ये मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात आपलं जीवन संपवलं. पटवर्धनांनी तिथून चित्रीकरण सुरू केलं ते चौदा वर्षं चाललं. २०११ मध्ये पूर्ण झालेला हा तीन तासांहून मोठा माहितीपट शेवटाकडे पुण्यात येतो, आणि तिथे ही मुलं भेटतात. गाताना, हसताना, एकमेकांची चेष्टा करताना. माहितीपट लोकांपर्यंत पोचू लागला तोवर त्यातली काही तुरुंगात होती आणि काही भूमिगत झाली होती.

२०११ च्या मे महिन्यात दहशतवादविरोधी पथकाने डेंगळे यांना अटक केली. आरोप होता बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा. कलाकारांनी तो नाकारला. बाकीचे दिसेनासे झाले. जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ठिपसे यांनी डेंगळे आणि इतर काहींना जामीन दिला. एखाद्या विचाराबद्दल सहानुभूती असणं आणि बंदी घातलेल्या संघटनेचं काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्या आदेशाचा एकूण रोख होता. २ एप्रिल २०१३ ला शीतल आणि सचिन विधान भवनासमोर आले आणि गातच स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं. हा आमचा सत्याग्रह आहे, शरणागती नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शीतल गरोदर होती, तिला जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन आणि मे महिन्यात हजर झालेले सागर, रमेश यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त.

याच काळात पटवर्धनांनी माहितीपटाला मिळालेल्या राज्य पुरस्काराची रक्कम या कलाकारांच्या बचाव समितीला देऊन टाकली. आणि ऑगस्ट २०१३ मध्ये, डॉ. दाभोलकरांच्या खुनाच्या दुसऱ्याच दिवशी, लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म संग्रहालयात 'जय भीम कॉम्रेड' दाखवला गेला आणि मंचाची गाणी झाली. कार्यक्रमानंतर एफटीआयआयच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या, जशा बहुतेक बँडच्या होतात. शीतल आणि सचिन यांनी 'नवयान महाजलसा' काढला. सागर, रमेश आणि ज्योती मंचाच्या नावानेच गात राहिले. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, त्यात ते होते. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला हिंसाचार झाला. त्या प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने या तिघांना अटक केली. मग पुन्हा तुरुंग, जामिनाचे अर्ज, तारखा आणि तारखा.

आमच्या घरात या विषयावर एकमत नाही, हे सांगून टाकतो. काका म्हणतात, धुराशिवाय आग नसते. (म्हण उलटी आहे हे मी त्यांना सांगितलंय.) यंत्रणांनी काहीतरी पाहिलं असेलच, असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की खटल्याआधीच माणसाची तरुणपणची इतकी वर्षं आत जात असतील तर आग होती की नव्हती याला अर्थ काय उरला? गाणाऱ्याचा आवाज वर्षं मोजत थांबत नाही. नोवी सादचा बँड तीन वर्षांत मोडला, त्यांचं ते मोडले. यांना ती मुभाही पुरती मिळाली नाही.

आता जे सांगायला हा लेख लिहायला घेतला ते.

आमच्याकडे अकरा वर्षं कामाला येणाऱ्या मावशी कासेवाडीत राहायच्या. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरापासून फार तर तीन किलोमीटर. एकदा डिसेंबरात त्या म्हणाल्या, "दादा, आज लवकर जाते. वस्तीत गाण्याचा कार्यक्रम आहे. तुम्हाला गाण्याचं येड, तर या की."

मी विचारलं, "कोण गाणार?"

"आमचीच पोरं," त्या म्हणाल्या.

मी हसलो. त्या वर्षीची सवाईची तिकिटं टेबलावर पडली होती, रमणबागेत जायची गडबड होती. "बघू" म्हणालो. पुण्यात 'बघू' चा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मी त्यांना रात्रीच्या मैफलीचं वर्णन मात्र ऐकवलं, आणि त्यांनी भांडी घासता घासता ते ऐकून घेतलं.

ती पोरं कोण होती, मंचाची की दुसरी कुणी, मी कधी विचारलंच नाही. मावशी नंतर गावी गेल्या. सवाईबद्दल मला तक्रार नाही, तिथे जे मिळालं त्याने आयुष्य भरलं. पण गाण्याचं वेड आहे म्हणून आयुष्यभर मिरवलेल्या माणसाला आपल्याच शहरातला हा आवाज पहिल्यांदा कळला तो अटकेच्या बातमीतून. यात पोलिसांचा दोष नाही, सरकारचा नाही, हा माझा आहे.

भाच्याला मी 'जय भीम कॉम्रेड' बद्दल कळवलं. खाली लिहिलं, "शांतपणे बघ. लगेच बंद करू नकोस." त्याचं उत्तर आलं की रविवारी तो आणि नोवी सादचा मित्र दोघं मिळून बघणार आहेत. त्याला भाषा कळणार नाही, पण मलाही त्यांची कुठे कळली होती!

तुमच्यापैकी कुणी त्या काळात या मुलांना वस्तीत किंवा कॉलेजात प्रत्यक्ष ऐकलं असेल तर जरूर लिहा. मला ऐकायचं आहे.