संगणक-पडद्याचे रेझोल्यूशन : दोषनिवारण

पडद्यावरील आडव्या व उभ्या पिक्सेलांची, म्हणजे चित्रबिंदूंची, संख्या म्हणजे रेझोल्यूशन होय. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए मानकात ते ६४० × ४८० होते. एलसीडी पडद्यात (पहा : द्रवस्फटिक) चित्रबिंदू ठरावीक असल्याने १९२० × १०८० च्या पडद्यावर १०२४ × ७६८ चे चित्र ताणून बसविल्यास अक्षरे पुसट व वर्तुळे लंबगोल दिसतात. सदोष केबलमुळे ईडीआयडी, म्हणजे पडद्याने संगणकाला कळविलेली स्वतःच्या क्षमतेची माहिती, न पोहोचल्यास किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (पहा : संगणक आज्ञावली) बसविलेला नसल्यास योग्य पर्याय डिस्प्ले सेटिंगमधील रेझोल्यूशनच्या यादीत येत नाही, म्हणून केबल, ड्रायव्हर व डिस्प्ले सेटिंग या क्रमाने तपासणी करतात. चुकीच्या निवडीने पडदा काळा पडला, तरी विंडोज प्रणाली १५ सेकंदांत पुष्टी न मिळाल्यास पूर्वीचे रेझोल्यूशन आपोआप परत आणते.