हो म्हटलं की बैल थांबायचा

माझ्या लहानपणी निमगाव सावाच्या शिवारात शेतीची सगळी कामं बैलांवर चालायची. नांगर, कुळव, पाभर, कोळपं ही अवजारं घरात असायची आणि ती धरायची रीतही घरातच मिळायची. कुळवाच्या फासात हरळी गुंतली, की ‘हो’ म्हणून बैल थांबवायचे, रुमणं उचलायचं आणि हातानं कचरा काढायचा. पोरगं आडवं आलं तर जाणता बैल कासरा ओढायच्या आधीच उभा राहायचा. अवजाराला अक्कल नव्हती, पण ते ओढणाऱ्याला होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला भ्यायचे. ती भीती खोटी ठरली. पण पुढं जी यंत्रं आली त्यांना भ्यायला पाहिजे होतं, तेवढं कोणी भ्यालं नाही.

मळणी यंत्राचंच बघा. खळ्यावर बैलांची पात फिरायची, त्या जागी हे यंत्र आलं. पेंढी आत सारताना हात ओढला जाऊन देशभर कितीतरी माणसं लुळी झाली. शेवटी १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला आणि तो मळणी यंत्रांना लावला गेला. हात ड्रमापर्यंत पोचू नये म्हणून पेंढी घालायचं तोंड लांब आणि वरून झाकलेलं असावं, हे शहाणपण असे हात गमावून आलंय.

जमीन भुसभुशीत करणारी फिरती पाती आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याच्या मुलानं १९१२ साली करून पाहिली. आधी माती बाजूला फेकली जायची, म्हणून त्यानं एल आकाराची पाती बसवली. तसलीच पाती आज आपल्या यंत्राखाली फिरतात. भारतात १९६७ साली बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीनं जपानच्या मित्सुबिशीशी करार करून पॉवर टिलर बनवायला घेतले. ते भातखाचरांना सोयीचे. आमच्याकडं घरोघरी दिसायला लागला तो त्याचा धाकटा भाऊ, पेट्रोलवरचा पॉवर विडर. कांदा, टोमॅटो, फ्लॉवरच्या सरीत ट्रॅक्टर शिरत नाही, खुरपायला बाया मिळत नाहीत आणि दोन बैल वर्षभर पोसणं परवडत नाही. विडरनं ही अडचण सोडवली, हे नाकारून चालणार नाही.

पण हात आणि पाय अजून कुळवाच्याच सवयीचे. लव्हाळा, ठिबकची नळी नाहीतर मल्चिंगचा कागद पात्यांना गुंडाळला, की माणूस वाकून हात घालतो. कुळवाला ते चालायचं, इथं बोटं जातात. आधी इंजिन बंद करायचं, स्पार्क प्लगची टोपी काढायची, पाती पूर्ण थांबलेली बघायची, मगच हात लावायचा. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातलं उपरणं आवळून घ्यायचं आणि पायात चपलेऐवजी बूट घालायचा.

मुठीखालचा क्लच सोडला की पाती थांबतात. ‘हो’ म्हणण्याची सोय ती एवढीच. तरी काही जण ट्यूबच्या रबरानं तो दाबून बांधतात. मी एका पोराला विचारलं तर म्हणाला, “नाना, सारखा दाबून हात भरून येतो.” मी म्हटलं, “बाळा, हात भरून आला तर घडीभर बस की. तू ठेचाळून पडलास तर हे थांबणार कसं?” रबर त्यानं काढलं, पण शेजारच्या वावरात ते अजून आहेच.

रिव्हर्स त्याहून वाईट. पाती पुढं असली तर यंत्र आपल्यापासून लांब जातं, उलटं घेतलं की थेट नडगीवर येतं. मागं बांध, विहिरीचा कठडा किंवा ढेकूळ असलं तर सरकायला जागा नसते. आधी मागं वळून बघायचं आणि वेग एकदम कमी ठेवायचा. कडक रानात यंत्र उड्या मारतं. तिथं मागचा दांडा जमिनीत दाबला की त्याची धाव कमी होते. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही. बंद पॉलिहाऊसमध्ये धूर कोंडतो, म्हणून आधी पडदे वर करायचे.

हे सगळं यंत्राबरोबरच्या पुस्तकात असतं. पण पुस्तक राहतं मालकाच्या कपाटात आणि यंत्र फिरतं अख्ख्या भावकीत, नाहीतर भाड्यानं. औत धरायला आम्ही बापामागं चालून वर्षानुवर्षं शिकलो, विडर मात्र दोरी ओढून दाखवली की शिकवून झाला, असं धरतात. म्हणून यंत्र मागायला कोणी आलं, तर मी आधी त्याला क्लच सोडायला लावतो. पाती थांबलेली त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, की मगच यंत्र दारातून हलतं.